ओसरीवरचे मैत्र : मराठी कथासृष्टीतील मित्रांचा मागोवा

नाती माणसाला जन्माबरोबर मिळतात. आईवडील, भावंडे, जात, गाव, कुलदैवत हे सारे न मागता पदरात पडते. पूर्वी तर जन्माचा जोडीदारही वडीलधाऱ्यांनी परस्पर ठरवलेला असे. मैत्री मात्र अशी आंदण मिळत नाही. ती करावी लागते आणि केल्यानंतर राखावी लागते. म्हणूनच कोणत्या काळी कोण कुणाचा मित्र होऊ शकत होता, हा प्रश्न समाजाच्या इतिहासात मोठ्या मोलाचा ठरतो. बखरी आणि सनदा त्याचे उत्तर देत नाहीत. शिरगणतीच्या तक्त्यात मैत्रीचा रकाना नसतो. ते उत्तर शोधायचे तर कथा-कादंबऱ्यांकडेच वळावे लागते. कादंबरीकाराची माणसे कल्पनेतली असतील. पण ती माणसे कुणाच्या ओसरीवर बसतात, कुणाच्या ताटातले खातात आणि कुणाच्या दारापर्यंत जाऊन परत फिरतात, हे तो आपल्या काळाकडूनच घेत असतो.

मी साहित्याचा अभ्यासक नव्हे. सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांचे धडे गिरवले. कथा-कादंबऱ्यांचे वाचन हा केवळ छंद. गेल्या वर्षभरात या छंदापायी काही जुनी-नवी मराठी पुस्तके पुन्हा हाती घेतली आणि त्यांतील आवडत्या मित्रांच्या जोड्या कालक्रमाने मांडून पाहिल्या. ही टिपणे सोलापूर जिल्ह्यातील केम येथे पुरी केली. करमाळा तालुक्यातील हे गाव जेऊर आणि कुर्डुवाडी या स्थानकांच्या दरम्यान लोहमार्गावर आहे. उत्तरेश्वराचे देऊळ आणि कुंकवाचा धंदा ही या गावाची ओळख. केमचे कुंकू या मागोव्यात पुढे कारणपरत्वे येणार आहे.

जुने दाखले

मैत्रीच्या प्राचीन कथा पाहिल्या, तर त्यांत एक समान धागा आढळतो. दोघे मित्र सहसा बरोबरीचे नसतात. श्रीकृष्ण द्वारकेचा राजा, तर सुदामा पदरी पोह्यांची पुरचुंडी बांधून येणारा दरिद्री ब्राह्मण. बायबलच्या जुन्या करारात शौल राजाचा पुत्र योनाथान आपला झगा, आपली तलवार आणि आपले धनुष्य मेंढपाळाचे पोर असलेल्या दावीदाला देऊन टाकतो. राजपुत्राने शस्त्र देणे म्हणजे उद्याच्या सिंहासनावरचा आपला हक्क सैल करणे होय. रूथ ही मवाबी, परक्या देशातली. नामी तिची सासू. दोघींनाही वैधव्य आल्यानंतर रूथने माहेरी परतायला कोणाचीच हरकत नव्हती. तरीही ती नामीची साथ सोडत नाही. जन्माचे आणि लग्नाचे नाते जेथे संपले, तेथून त्या दोघींचे स्वेच्छेचे नाते सुरू झाले.

ख्रिस्ती परंपरेने मैत्रीचा विचार गांभीर्याने केला आहे. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या चौथ्या भागात तरुणपणी गमावलेल्या एका मित्राविषयी लिहिले आहे. त्या मृत्यूनंतर सारे गाव त्यांना परके वाटू लागले होते. बाराव्या शतकात इंग्लंडमधील रिव्हो येथील मठाधिपती संत एल्रेड यांनी आध्यात्मिक मैत्रीवर संवादरूपाने एक ग्रंथ लिहिला. मित्रावर प्रेम करता करता माणूस देवाकडे जाणारी पायरी चढतो, अशी त्यांची धारणा होती. आपल्या मराठीत ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी संपवताना जे पसायदान मागितले, त्यात जीवांचे परस्परांशी मैत्र जडावे हीच मागणी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या धम्मग्रंथात मैत्रीला करुणेच्याही पुढचे स्थान दिलेले आढळते. म्हणजे परंपरा भिन्न असल्या तरी त्यांचे म्हणणे एकच दिसते : मैत्री म्हणजे आपली पायरी उतरून दुसऱ्याची पायरी चढणे. मराठी कथेने या पायऱ्या कधी आणि किती ओलांडल्या, एवढेच येथे पाहायचे आहे.

दोन यमुना

१८५७ साली बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ती सामान्यतः मानली जाते. तीन वर्षांपूर्वी, १८५४ साली, पदमनजींनी बाप्तिस्मा घेतला होता; अर्थात आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांपैकी एकाच्या लेखणीतून मराठी कादंबरीचा आरंभ झाला. मिशनच्या शाळेत शिकलेली यमुना आणि तिचा पती विनायक प्रवासाला निघतात आणि ठिकठिकाणच्या विधवांच्या कहाण्या ऐकतात, असे या पुस्तकाचे स्वरूप आहे. आज तिच्यातील उपदेश काहीसा जड वाटेल. परंतु एक गोष्ट त्या काळी अपूर्व होती. विनायक आणि यमुना एकमेकांशी बोलतात. मनातला संशय आणि मनातली श्रद्धा एकमेकांपुढे उघडी करतात. पती-पत्नी हे एकमेकांचे मित्र असू शकतात, हे मराठी गद्याने येथे लिहून ठेवले. विधवांशी मात्र यमुनेची अशी मैत्री होऊ शकत नाही. ती त्यांचे ऐकते, कळवळते आणि पुढच्या मुक्कामाला जाते. प्रवाशाला सहानुभूती देता येते. मैत्रीसाठी तेथे राहावे लागते.

त्यानंतर तेहतीस वर्षांनी, १८९० साली, हरि नारायण आपटे यांनी 'करमणूक' साप्ताहिक सुरू केले आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः येऊ लागली. तिची नायिकाही यमुनाच. पण ही यमू विधवांच्या कहाण्या ऐकत हिंडत नाही. ती स्वतःच आपली कहाणी सांगते. तिच्या बालपणापासूनची मैत्रीण दुर्गी. दुर्गीच्या वाट्याला वाईट नवरा येतो आणि तिचे हाल यमूला दिसत असतात. यमूचा नवरा रघुनाथराव समंजस, बायकोला लिहावाचायला शिकवणारा. मुंबईच्या बिऱ्हाडी तिला सुधारक विचारांच्या कुटुंबांची संगतही लाभते. पण तो अकाली जातो आणि तिचे केशवपन करण्यात येते.

यमू आणि दुर्गी यांच्या मैत्रीचा विचार करताना एक गोष्ट मनाला बोचते. दोघी जिवाभावाच्या आहेत, पण एकीला दुसरीसाठी काहीही करता येत नाही. त्यांच्याजवळ घर नाही, पैसा नाही, बाहेर पडण्याची मोकळीक नाही. आहे ते एवढेच : माहेरपणाला आल्यावर कोपऱ्यात बसून एकमेकींना सांगायचे आणि डोळे पुसायचे. सत्ता नसलेल्या माणसांची मैत्री ही साक्षीची मैत्री असते. तुझ्यावर काय गुदरले ते मी पाहिले आहे, एवढेच एक मित्र दुसऱ्याला देऊ शकतो. तरीही ते थोडके नव्हे. कुणीही पाहिले नसते, तर आपट्यांना लिहायला काय उरले असते?

येथे केमचे कुंकू आठवते. कुंकवाचा धार्मिक अर्थ आपण जाणतो, पण त्याचा सामाजिक अर्थ तितका ध्यानात येत नाही. घराबाहेर पाऊल टाकायला ज्या काळी स्त्रीला कारण लागे, त्या काळी हळदीकुंकू हे मान्यताप्राप्त कारण होते. त्या निमित्ताने स्त्रिया एकमेकींच्या घरी जात, बसत, बोलत. विधवेला त्या बोलावण्यातून वगळले जाई. म्हणजे नवरा गेला की बाईचा केवळ आधार जात नसे, तिच्या मैत्रिणींची दारेही तिला मिटत. तिच्याभोवती माणसे असत, पण मैत्रीण नसे. अलीकडे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी विधवांना हळदीकुंकवाला बोलावण्याचे प्रघात पडू लागले आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा त्याची राज्यभर चर्चा झाली. त्या ठरावाची बातमी वाचताना मला यमू आणि दुर्गी आठवल्या. सव्वाशेहून अधिक वर्षांनी कुणीतरी लक्षात घेतले होते.

घरातल्या घरात

विसाव्या शतकाच्या आरंभी मराठी गद्यात हसणाऱ्या मित्रांची एक टोळी अवतरली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचे 'सुदाम्याचे पोहे' १९१० साली पुस्तकरूपाने आले. सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या हे तिघे सनातनी रूढींचा मोठ्या निष्ठेने कैवार घेतात आणि त्या निष्ठेमुळेच रूढी हास्यास्पद ठरते. पुस्तकाचे नाव श्रीकृष्णाच्या मित्राची आठवण करून देणारे आहे. पण या सुदाम्याला कुणा राजाच्या दारी जावे लागत नाही. तिघेही एकाच आळीतले शोभावेत असे एकमेकांना साजेसे आहेत.

चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही तर महाराष्ट्राच्या घराघरांत पोचलेली जोडी. 'चिमणरावांचे चऱ्हाट' १९३३ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९७०च्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही दोन माणसे अशी उभी केली की वाचकांच्या मनात त्यांचे चेहरे कायमचे ठरून गेले. चिमणराव भित्रा, हिशेबी, संसारी. गुंड्याभाऊ आडदांड, बोलायला फटकळ आणि मनाने निर्मळ. नात्याने ते भाऊ आहेत, पण त्यांना भाऊ म्हणून कुणी आठवत नाही. ते मित्र म्हणूनच आठवतात. चिमणरावाची फजिती झाली की गुंड्याभाऊ तिच्यात सामील असतो. फजिती टाळण्याचा शहाणपणा तो सहसा करत नाही. मित्राकडून आपल्याला नेहमी सल्लाच हवा असतो असे नाही. आपण पडलो तेव्हा तोही शेजारीच पडलेला असला, तर पडण्याचे दुःख निम्मे होते.

ही मैत्री खरी आहे, हृद्य आहे. पण इतिहासाच्या दृष्टीने तिची मर्यादाही सांगायला हवी. सुदामा आणि पांडुतात्या, चिमणराव आणि गुंड्याभाऊ या साऱ्यांची मैत्री एकाच जातीच्या, एकाच थराच्या माणसांतली आहे. पायरी ओलांडण्याचा प्रसंगच तेथे येत नाही. एका ओसरीवरचा माणूस त्याच आळीतल्या दुसऱ्या ओसरीवर जाऊन बसतो, इतकेच. या लेखकांचा तो दोष म्हणता येणार नाही. त्यांच्या काळी पुण्याच्या मध्यमवर्गीय माणसाला मैत्रीसाठी उपलब्ध असलेले अंगण एवढेच होते आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे रंगवले.

माणदेश आणि वारणाकाठ

हे अंगण मोठे केले ते ग्रामीण आणि दलित लेखकांनी. त्यापूर्वी या जिल्ह्यात एक घटना घडली होती. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरला उपोषण केले. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या भक्तांना खुले व्हावे, ही त्यांची मागणी होती. ज्याला वारकरी शतकानुशतके सखा म्हणत आले, त्या देवाच्या दारातच काहींना अडवले जात होते. उपोषणाला यश आले आणि मंदिराचे दार उघडले. देवाच्या पायरीचा प्रश्न असा सुटला. माणसांच्या पायऱ्यांचा प्रश्न तसाच होता, आणि तो पुढे कथेने हाती घेतला.

व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' १९५५ साली आली. माणदेश म्हणजे सोलापूरच्या सांगोल्याला लागून असलेला, पावसाने पाठ फिरवलेला मुलूख. औंध संस्थानातील धनगरांच्या एका वाडीवर राजाराम सौंदणीकर हा कोवळ्या वयाचा शिक्षक येतो. शाळेत मुले नाहीत, गावात ओळख नाही. वाडीचा म्हातारा कारभारी त्याला हाताशी धरतो. एकाजवळ अक्षर आहे, दुसऱ्याजवळ आयुष्य. मास्तर लोकांचे अर्ज लिहितो, भांडणे मिटवतो, तालमीची इमारत उभी करण्यासाठी वाडीला एकत्र आणतो. त्या इमारतीच्या समारंभाला स्वतः औंधचे राजे येतात. मास्तराच्या सोबतीला शाळेत आयबू नावाचा एक मुसलमान असतो. तो मास्तराचा ना विद्यार्थी, ना नोकर, केवळ सोबती.

या मैत्रीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो तिच्यात आलेला दुरावा. कारभाऱ्याच्या मुलीच्या सांगण्यावरून मास्तर तिला चोळी शिवून आणून देतो. त्याच्या मनात काही नसते. पण कारभारी दुखावतो आणि बोलणे टाकतो. माडगूळकरांनी हा प्रसंग कसलाही आक्रोश न करता सांगितला आहे. वयाने, शिक्षणाने आणि चालीरीतींनी दूर असलेल्या माणसांची मैत्री अशाच लहानशा गोष्टीवर अडखळते. एका बाजूला जे साधे उपकार वाटतात, ते दुसऱ्या बाजूला अब्रूवर येतात. पुढे गैरसमज सरतो. कारभारी मरतो, तेव्हा मास्तराचा वाडीतला आधारच जातो. मग दुष्काळ पडतो, माणसे आणि मेंढरे वाडी सोडून जातात, शाळा ओस पडते. ज्यांच्यासाठी आलो तीच माणसे गेली, असे पाहणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला आणि धर्मगुरूला त्या शेवटाची कळ ओळखीची वाटेल.

१९५९ साली अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' प्रसिद्ध झाली. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. वारणाकाठच्या मांग समाजातील फकिरा दुष्काळात भुकेल्या माणसांसाठी धान्य लुटतो आणि इंग्रज सरकारशी झुंज घेतो. त्याच्या पाठीशी उभा राहणारा विष्णुपंत कुलकर्णी हा गावचा ब्राह्मण आहे. अण्णा भाऊंनी पाहिलेल्या अन्यायाचा विचार केला, तर सारे सवर्ण एका रंगात रंगवणे त्यांना सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. आपल्या नायकाला त्यांनी गावच्या वरच्या आळीत एक मित्र दिला. वरच्या पायरीवरचा माणूस खाली उतरला, तर लोक त्याला उदार म्हणतात. खालच्या पायरीवर ढकललेला माणूस वरच्याला मित्र मानतो, त्यातले औदार्य मात्र कुणाच्या नजरेत येत नाही. माझ्या मते ते अधिक मोठे. ज्याला दुखावले गेले आहे त्याने विश्वास टाकणे, हे मैत्रीतील सर्वांत कठीण काम आहे.

बाकावरचे सोबती

स्वातंत्र्यानंतर शिक्षण पसरले तशी मैत्रीची जागा बदलली. ओसरी आणि पार मागे पडले. शाळेचा बाक, वसतिगृहाची खोली आणि महाविद्यालयाचा कट्टा पुढे आला. भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ सालच्या 'कोसला'मध्ये खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर वसतिगृहात मित्र जोडतो, त्यांच्यासाठी पैसा उधळतो, आणि तरीही आतून एकटाच राहतो. मित्रांच्या गर्दीतला एकटेपणा मराठी कादंबरीने तेव्हा ठसठशीतपणे मांडला. सुहास शिरवळकर यांच्या १९८२ सालच्या 'दुनियादारी'मध्ये श्रेयस आणि दिग्या पुण्याच्या कट्ट्यावर भेटतात. घरात माया न मिळालेल्या मुलांना कट्टा हेच घर होते. समीक्षकांनी या पुस्तकाची फारशी दखल घेतली नसेल. पण तरुण वाचकांनी ते एकमेकांच्या हाती दिले, आणि मैत्रीवरच्या पुस्तकाचा याहून उचित प्रवास कोणता?

प्रकाश नारायण संत यांचा लंपन 'वनवास'मधून १९९४ साली वाचकांना भेटला. बेळगावकडच्या मराठी-कानडी मुलखात आजी-आजोबांजवळ वाढणारा हा मुलगा आणि शेजारची सुमी यांची मैत्री मला विशेष प्रिय आहे. यमू आणि दुर्गीच्या काळी मुलगा आणि मुलगी यांना एकमेकांचे सोबती म्हणून वाढताच येत नव्हते. लंपन-सुमी भांडतात, रुसतात, शाळेला जातात. त्या मैत्रीला नाव देण्याची घाई संतांनी कुठेही केलेली नाही. मिलिंद बोकील यांची 'शाळा' २००४ साली आली. आणीबाणीच्या काळातील नववीचा वर्ग; जोशी, सुऱ्या, चित्रे आणि फावड्या हे चौघे वेगवेगळ्या तऱ्हेच्या घरांतून आलेले. एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत त्यांचा अड्डा जमतो. वर्ष सरते आणि टोळी फुटते. अर्धवट इमारत हे शालेय मैत्रीचे किती नेमके स्थान आहे! तेथे अजून भिंती घालायच्या असतात. पुढे भिंती पुऱ्या होतात आणि जो तो आपापल्या खोलीत जातो.

रिकामी जागा

केम येथील एका निवृत्त शिक्षकांना वाचनाचा मोठा नाद. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर अनुदानावर गावोगावी जी वाचनालये उभी राहिली, त्यांच्या कपाटांवर पोसलेल्या पिढीतले ते वाचक. या जोड्यांविषयी बोलणे चालले असता त्यांनी मला सहज विचारले, "फादर, या सगळ्या मित्रांत तुमच्यापैकी कुणी कसं नाही?"

मी आठवू लागलो. मराठी कथांत ख्रिस्ती माणसे आहेत. परिचारिका आहेत, शिक्षिका आहेत, शेजारी आहेत, झग्यातले पाद्री आहेत. पण गुंड्याभाऊसारखे ज्याचे नाव घेताच जिवलग मित्राचे चित्र उभे राहावे, असे ख्रिस्ती नाव माझ्या ओठांवर चटकन आले नाही. या प्रश्नाचे उत्तर केवळ लेखकांकडे मागून चालणार नाही. लेखक जे पाहतो ते लिहितो. आपण त्याच्या ओसरीवर किती वेळा जाऊन बसलो आणि त्याला आपल्या घरात किती आत घेतले, हेही विचारायला हवे.

युरोपातील कथेत धर्मगुरू हा मित्र म्हणून सुखाने वावरतो. चेस्टरटन यांच्या फादर ब्राउन यांची पहिली कथा १९१० सालची. त्या कथेत फ्लाम्बो हा अट्टल चोर असतो. पुढे तोच फादरांचा जिवलग सोबती होतो. फादरांनी त्याला केवळ पकडले नाही, तर त्याच्या आतल्या माणसाशी ओळख ठेवली. चेस्टरटन यांना हे पात्र सुचले ते फादर जॉन ओ'कॉनर या खऱ्या मित्रावरून. १९२२ साली याच मित्राने चेस्टरटन यांना कॅथॉलिक चर्चमध्ये सामावून घेतले. इटलीत ग्वारेस्की यांनी युद्धानंतरच्या काळात दॉन कामिल्लो हा तापट धर्मगुरू आणि पेप्पोने हा साम्यवादी नगराध्यक्ष अशी जोडी उभी केली. तिचे पहिले पुस्तक १९४८ सालचे. दोघे गावभर भांडतात, प्रसंगी हातघाईवर येतात, पण संकटात एकमेकांवाचून त्यांचे चालत नाही. ग्रॅहम ग्रीन यांनी १९८२ साली याच धर्तीचा धर्मगुरू आणि साम्यवादी मित्र स्पेनच्या रस्त्यांवर एकाच मोटारीत बसवले. या जोड्यांत कुणी आपली श्रद्धा पातळ करत नाही, कुणी आपला विचार लपवत नाही. मतभेद हा मैत्रीचा अडथळा नसून कित्येकदा तिचे इंधनच असते.

मग आपल्या मराठीत असे घडलेच नाही काय? कादंबरीत नसेल, पण इतिहासात घडले आहे, आणि तेही करमाळ्याला लागून असलेल्या नगर जिल्ह्यात. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे हा किशोरवयीन कवी चमकला. तोच आपला बालकवी. पुढे टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी नेले आणि लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखे सांभाळले. ठोमरे ख्रिस्ती झाले नाहीत आणि टिळकांच्या घरातले त्यांचे स्थान त्यामुळे उणावले नाही. वयात जवळजवळ तीस वर्षांचे अंतर, धर्म वेगळे, पण दोघांची पंगत कवितेच्या एकाच पाटावर. १९१८ साली बालकवी रेल्वे अपघातात गेले; पुढच्याच वर्षी टिळकही गेले. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मुळे त्या घराचे दार आजही वाचकाला उघडे आहे. ज्या कादंबरीची मी वाट पाहतो आहे, तिचा आराखडा असा शंभर वर्षांपूर्वी जगून झाला आहे.

अलीकडचा दाखला २०२० सालचा. केमहून फार दूर नसलेल्या उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. एका कॅथॉलिक धर्मगुरूच्या निवडीला काहींनी विरोध केला. पण संमेलन पार पडले आणि मराठी वाचकाने आपले मानाचे आसन एका ख्रिस्ती लेखकाला दिले. २०२४ साली फादर निवर्तले, तेव्हा त्यांच्यासाठी शोक करणाऱ्यांत आपल्या धर्मग्रामांबाहेरचे मित्र किती होते, हे आपण पाहिले. ते मित्र त्यांना पद मिळाल्यावर लाभले नव्हते. वसईच्या पर्यावरणाच्या लढ्यात, सभांत आणि लोकांच्या घरी बसून ते त्यांनी वर्षानुवर्षे जोडले होते.

आपल्या प्रवचनांत "बंधू-भगिनींनो" हे संबोधन पदोपदी येते. ते योग्यच आहे, कारण आपण एका पित्याची लेकरे आहोत. पण बंधुत्व हे दिलेले असते. ते मान्य केले की काम झाले असे वाटते, आणि माणूस भावाला वर्षानुवर्षे न भेटताही भाऊ राहू शकतो. संत योहानच्या शुभवर्तमानात, अखेरच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूने शिष्यांना सेवक न म्हणता मित्र म्हटले. त्याचे कारणही त्याने दिले आहे : पित्याकडून जे ऐकले, ते सारे त्याने त्यांच्यापुढे उघडे केले होते. ज्याच्यापासून काही लपवले नाही, तो मित्र. ही कसोटी लावली, तर धर्मग्रामाबाहेरचे, आळीबाहेरचे, पंथाबाहेरचे आपले मित्र किती, हे प्रत्येकाला स्वतःशीच मोजता येईल.

कथेतील मित्र आपल्याला एवढेच शिकवतात. दुर्गीने साक्ष दिली, गुंड्याभाऊ सोबत पडला, कारभाऱ्याने रुसूनही पुन्हा दार उघडले, फकिराने दुखावलेल्या मनाने विश्वास टाकला. ही कामे कल्पनेतल्या माणसांनी केली असली, तरी ती करण्यासारखी आहेत. केमच्या त्या शिक्षकांच्या प्रश्नाला उत्तर देणारी कादंबरी उद्या कुणी लिहील, अशी मला आशा आहे. पण तिच्यासाठी लागणारा ऐवज लेखकाच्या मेजावर तयार होत नाही. तो गावातल्या ओसऱ्यांवर तयार होतो. आणि त्यासाठी आपल्याला आपली पायरी उतरून शेजाऱ्याच्या दारी, काही कारण नसताना, घटकाभर जाऊन बसावे लागेल.